इंदूरच्या कॅन्सर वॉर्डात नव्याने रुजू होताना

केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला की आधी घड्याळ बघा. एकदा १०१ फॅरनहाइट किंवा तासभर १००.४, एवढं पुरे. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) घ्या आणि पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जाऊ द्या. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टसाठी थांबू नका. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५००च्या खाली असले की पू धरत नाही, बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण. गुदद्वारातून ताप मोजू नका.

झाबुआहून आलेल्या आईच्या हातात थर्मामीटर द्या, आकडा तिच्याकडूनच वाचून घ्या. ‘आधी क्रोसिन देऊन बघू’ म्हणणाऱ्या आपल्या मराठी आजींनाही हे शांतपणे पटवा, त्या मायेपोटीच म्हणतात.

आणि व्हिन्क्रिस्टीन हे शिरेतून द्यायचं केमोचं औषध सिरिंजमध्ये नकोच, मिनिबॅगमध्येच (सलाइनच्या छोट्या पिशवीत) मागवा. सिरिंजमधलं औषध चुकून पाठीच्या मणक्यातल्या इंजेक्शनातून गेलं तर मूल बहुधा वाचत नाही.