मटकी चिकट का होते?

प्रश्न : भाजी आठवड्यातून एकदाच येते, म्हणून मटकी भिजवते. पण मोड येण्याआधीच ती चिकट होते, आंबूस वास येतो. काय चुकतं?

उत्तर : बहुधा दाण्यांत पाणी राहतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात वाटीभर मटकी ६-७ तास भिजली की पुरे. दोनदा धुऊन चाळणीत अर्धा तास निथळू द्या. मूठभर दाणे तळहातावर घ्या. हात ओला झाला तर अजून थांबा. मग कोरड्या सुती फडक्यात सैल पुरचुंडी बांधा. घट्ट बांधली की आत हवा खेळत नाही, ऊब साठते आणि दाणे आंबतात. १०-१२ तासांत मोड दिसतील. लगेच फ्रिजमध्ये ठेवा. चिकट झालेली मटकी मात्र टाकूनच द्या. आणि गणंग, म्हणजे भिजूनही कडकच राहणारे दाणे भिजवल्यावर वेचा, तेव्हाच ते ओळखू येतात.