'क्लॅन'ला मराठीत काय म्हणायचं?

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. लेकीचं सासर कॅनडात, मूळ स्कॉटलंडचं. आडनाव ड्रमंड, पण घरात सगळे ठासून सांगतात, 'आम्ही खरे मॅकग्रेगर, नाव बदलावं लागलं.' व्याह्यांनी जमवलेल्या घरच्या गोष्टी त्या नातवंडांसाठी मराठीत उतरवत आहेत आणि 'क्लॅन'पाशी अडल्या आहेत. क्लॅन म्हणजे एका प्रमुखाला मानणारा, बहुधा त्याचंच नाव लावणारा स्कॉटिश लोकांचा समूह. टोळी, जमात, गोत्र, घराणं की कूळ?

कूळ घ्या. बाकीचे शब्द का नकोत ते आधी थोडक्यात सांगतो.

टोळी दरोडेखोरांची असते, नाहीतर ऊसतोडणीची. ती कामापुरती जमते आणि काम झालं की पांगते. जमात म्हटलं की सरकारी फॉर्म आठवतो. गोत्र तर सरळसरळ चूक, कारण गोत्राचं पहिलं काम म्हणजे लग्न कुठे करायचं नाही ते सांगणं. मॅकडॉनल्ड मुलीने मॅकडॉनल्ड मुलाशी लग्न करायला तिकडे कधीच आडकाठी नव्हती. उलट जमीन घरातल्या घरात राहते म्हणून अशी लग्नं मुद्दाम जुळवत. घराणं चालेल, पण फक्त प्रमुखाच्या घरापुरतं. डोंगरात मेंढरं राखणारा त्याच नावाचा माणूस त्या घराण्यातला नव्हे, क्लॅनमधला मात्र नक्की.

आता कूळ. शब्द मुळातून पाहू. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गेलिक भाषेत 'क्लान' म्हणजे मुलंबाळं, संतती. हा शब्द गेलिकचा घरचा नाही, लॅटिन 'प्लांता'वरून आलेला आहे. प्लांता म्हणजे कोंब, रोप. गेलिक जिच्यातून निघाली त्या जुन्या आयरिशला 'प'चं वावडं होतं, म्हणून लॅटिनमधून आलेल्या कितीतरी शब्दांत 'प'च्या जागी 'क' बसला: प्लूमा म्हणजे पीस, त्याचं झालं क्लूम, प्लांताचं झालं क्लांद, पुढे क्लान. म्हणजे ज्या शब्दाचं इंग्रजीत 'प्लांट' झालं, त्याचंच 'क्लॅन'ही झालं. आपल्याकडे 'वंश' म्हणजे मुळात बांबू, हे संस्कृतवाल्यांना सांगायला नको. बेटातून कोंब फुटत राहतात तशी पिढ्यांची कल्पना दोन्हीकडे सुचली. मग 'वंश'च का नको? कारण वंशात रक्ताचं नातं लागतं आणि क्लॅनमध्ये ते अनेकदा नसतंच.

घरच्या गोष्टींत नेमकी हीच गोष्ट गाळलेली असते. 'आम्ही सगळे एका पुरुषाची लेकरं' असं प्रत्येक क्लॅन सांगतो. मॅकडॉनल्ड स्वतःला ११६४ साली मारल्या गेलेल्या सोमरलेडच्या डोनल्ड नावाच्या नातवाचे वंशज म्हणवतात. प्रमुखांच्या घरांपुरतं ते असेलही. पण प्रमुखाच्या जमिनीवर राहणारा, त्याला खंड देणारा, त्याच्या हाकेला तलवार घेऊन धावणारा सामान्य माणूस प्रमुखाचंच नाव लावी. आडनावं तिथे उशिरा स्थिरावली. तोवर 'शेमसचा इयन, डोनल्डचा शेमस' अशी बापजाद्यांची माळ म्हणण्यावर काम भागत असे. नाव लावलं की संरक्षण मिळे. फ्रेझर कुळाबद्दल सांगतात, की कुणी 'फ्रेझर' म्हणवून घ्यायला तयार झाला की त्याला एक बोल ओटचं पीठ मिळे. बोल हे तिकडचं माप, साधारण ६३ किलोचं. अशांना पुढे थट्टेने 'पीठवाले फ्रेझर' म्हणत.

आता मराठी 'कूळ' पाहा. एक अर्थ वंशपरंपरा: कुळाचार, कुळदैवत, शहाण्णव कुळी. दुसरा अर्थ दुसऱ्याच्या जमिनीवर खंड देऊन राबणारा: कूळकायदा, 'त्या शेतावर आमचं कूळ आहे'. मराठीत हे दोन अर्थ आपण एका वाक्यात सहसा आणत नाही. क्लॅनमध्ये मात्र ते एकाच माणसाच्या अंगावर असतात: तो प्रमुखाच्या कुळातलाही आणि प्रमुखाचं कूळही. इतका चपखल शब्द इंग्रजीलाही सापडलेला नाही, असं माझं मत आहे.

आणि हा श्लेष नुसता गमतीचा नाही. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडचे, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले, बंडखोर सरकारी फौजेपुढे हरले, मग कायद्याने प्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायनिवाड्याचे हक्क गेले. लढायला माणसं नकोत म्हटल्यावर प्रमुखाला माणसांपेक्षा मेंढरं फायद्याची वाटू लागली. सदरलंड संस्थानात १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातल्या घरांची छपरं जाळली, ती शत्रूने नव्हे, मालकिणीच्याच कारभाऱ्याने. कुळातली माणसं कुळं म्हणून बेदखल झाली. पुष्कळ जण बोटीत बसून कॅनडात उतरले. जमिनीवरून न हलवण्याचा हक्क मागे राहिलेल्यांना मिळाला तो १८८६च्या कायद्याने; आपला कूळकायदा १९४८चा. तुमच्या व्याह्यांच्या कागदांत हाकलल्याची गोष्ट आली, तर तिथे 'कूळ' हा शब्द बिनदिक्कत दोन्ही अर्थांनी वापरा, वाचणाऱ्याला कळतं.

याच संदर्भात गेलिकचा 'दूखस' हा शब्दही त्या कागदांत येऊ शकतो. मूळ 'देश, मुलूख' या अर्थाचा शब्द. त्यावरून 'पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो म्हणून इथे राहण्याचा आमचा हक्क' असा अर्थ आला. त्याला 'वारसा' म्हणू नका, वारसा फार मिळमिळीत होईल. 'वतन' म्हणा. अरबीत वतन म्हणजे मायदेश, मराठीत वंशपरंपरेचा हक्क. दोन्ही शब्द एकाच वाटेने गेले. फरक इतकाच, की वतनाची सनद असे आणि दूखसची सनद प्रमुखाच्या कचेरीत कुठेच नव्हती.

आता ड्रमंड-मॅकग्रेगरची गोष्ट. ती भाकडकथा नसावी. १६०३च्या फेब्रुवारीत ग्लेन फ्रून इथे मॅकग्रेगरांनी शेजाऱ्यांची मोठी कत्तल केली. ३ एप्रिलला, म्हणजे स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडची गादी घ्यायला निघण्याच्या दोनच दिवस आधी, ते नावच बेकायदा ठरलं. नाव लावाल तर देहदंड. प्रमुख अलास्टरला पुढच्या वर्षी एडिंबरात फाशी दिलं. लोकांनी कॅम्पबेल, मरे, ग्रँट, ड्रमंड अशी शेजारची नावं घेतली. बंदी १६६१ला उठली, १६९३ला पुन्हा आली आणि १७७४ला कायमची गेली. याच कुळातला प्रसिद्ध रॉब रॉयसुद्धा आईचं कॅम्पबेल हे आडनाव लावत असे. पण ड्रमंड हे स्वतंत्र कूळही आहे, त्यामुळे प्रत्येक ड्रमंड मॅकग्रेगर नसतो. त्या काळच्या काही कागदांत 'मॅकग्रेगर ऊर्फ ड्रमंड' अशी जोडनावं मिळतात. तसा एखादा सापडला तर घरच्या गोष्टीला बळ येईल. तुम्हीही 'ऊर्फ'च लिहा.

बंदी उठल्यावर कुळाला प्रमुख हवा होता. ८२६ जणांनी सह्या करून जॉन मरे याला प्रमुख मानलं. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या नोकरीतला माणूस. त्याचा मुलगा एव्हन तर आपल्या मुलखात येऊन गेला. २७ फेब्रुवारी १८१८ला इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेने खानदेशात तापीकाठचं थाळनेर घेतलं, त्या हल्ल्यात तो जखमी झाला. त्या दिवशी किल्लेदार तुळशीराम यांना फासावर चढवलं आणि आतली शिबंदी कापून काढली. खानदेशी वाचकाला त्या कुळाच्या सनावळीतलं हे पान वेगळं वाचावं लागेल. चार वर्षांनी, १८२२मध्ये, एव्हनने मरे सोडून राजाच्या परवानगीने नुसतं मॅकग्रेगर हे नाव परत घेतलं.

राहिले किरकोळ शब्द. 'सेप्ट' म्हणजे मोठ्या कुळाशी जोडलेलं वेगळ्या आडनावाचं घर. त्याला उपकूळ म्हणा, शहाण्णव कुळीच्या याद्यांत हा शब्द रुळलेला आहे. मात्र सेप्टच्या छापील याद्यांवर फार विसंबू नका, टार्टन (कुळाकुळाचं चौकड्यांचं कापड) विकणाऱ्या दुकानांना त्या लांब असलेल्याच परवडतात. टोपीत खोवायच्या झाडाच्या डहाळीला (मॅकग्रेगरांची पाइनची, कॅमेरनांची ओकची) देवक म्हणायचा मोह होईल. पण देवक लग्नात पुजतात आणि सोयरीक जुळवताना पाहतात, डहाळी लढाईत आपला माणूस ओळखायला असे. तेव्हा 'कुळाची खूण' पुरे. 'चीफ'ला सरदार नको, सरदार कुणीतरी नेमलेला असतो. कुळप्रमुख लिहा. आणि शुद्धलेखनाचं एक: एकटा शब्द दीर्घ, कूळ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व, कुळाचा, कुळात.