बर्लिनचे पाच दिवस आणि त्यानंतरचा हिशेब

प्रश्न : हिटलरच्या १९२३ सालच्या म्युनिकमधील फसलेल्या बंडाविषयी पुष्कळ वाचले आहे. मात्र त्याच्या तीन वर्षे आधी बर्लिनमध्ये सैन्याच्या एका तुकडीने सरकारलाच राजधानी सोडायला लावली होती, असा उल्लेख नुकताच वाचनात आला. बंड तर फसले. मग ज्या पक्षाचे सरकार त्यातून वाचले, त्याचीच मते पुढच्या निवडणुकीत का घटली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण विचारता ते बंड १३ मार्च १९२० रोजी झाले आणि वोल्फगांग काप या पूर्व प्रशियातील अधिकाऱ्याच्या नावाने ते ओळखले जाते. प्रत्यक्षात बळ होते ते बर्लिन भागातील सैन्याचे प्रमुख जनरल ल्युटवित्झ यांचे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह त्याच वर्षी जानेवारीत अमलात आला होता आणि त्यानुसार जर्मनीला आपले सैन्य एक लाखावर आणायचे होते. त्यामुळे युद्धोत्तर काळात उभ्या राहिलेल्या, 'फ्रायकोर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वयंसेवी पलटणी मोडणे भाग होते. यांपैकी नौदल अधिकारी एअरहार्ट यांच्या नौसैनिक पलटणीच्या विसर्जनाचा हुकूम निघाला, तेव्हा ल्युटवित्झ यांनी तो मानायला नकार दिला, १० मार्चला राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांच्यापुढे नव्या निवडणुकांसह अनेक मागण्या ठेवल्या आणि दुसऱ्याच दिवशी ल्युटवित्झ यांना पदावरून दूर करण्यात आले. १२ तारखेच्या रात्री ही पलटण डोबेरित्झच्या छावणीतून बर्लिनकडे निघाली. तिच्यातील अनेकांच्या शिरस्त्राणांवर तेव्हाच स्वस्तिक रंगवलेले होते.

त्या रात्री संरक्षणमंत्री नोस्के यांनी सेनाधिकाऱ्यांना विचारले की बंडखोरांवर शस्त्र चालवणार का. जनरल राइनहार्ट यांचा अपवाद वगळता बहुतेकांनी अंग काढून घेतले. 'सैन्य सैन्यावर गोळी झाडत नाही' हे वरिष्ठ सेनाधिकारी जनरल झेक्ट यांच्या तोंडी घातले जाणारे वाक्य याच प्रसंगातले. ते त्यांनी याच शब्दांत उच्चारले असो वा नसो, वागणूक त्याप्रमाणेच झाली. पहाटे एबर्ट आणि बरेचसे मंत्री मोटारींनी आधी ड्रेस्डेनला आणि तिथेही खात्री वाटेना म्हणून पुढे श्टुटगार्टला गेले. इकडे पलटणीने राजधानी ताब्यात घेतली आणि काप यांनी स्वतःला चॅन्सलर म्हणून जाहीर केले. जाण्यापूर्वी समाजवादी मंत्र्यांच्या नावे सार्वत्रिक संपाचे आवाहन निघाले होते. त्यावर आपली सही नव्हती, असे एबर्ट यांनी पुढे सांगितले.

बंड मोडले ते या संपाने. कामगार संघटनांचे ज्येष्ठ नेते कार्ल लेगीन राजधानीतच थांबले आणि त्यांनी संपाची सूत्रे हाती घेतली. बर्लिनमध्ये ट्राम थांबल्या, वीज, गॅस आणि पाणी बंद झाले, वर्तमानपत्रे निघेनाशी झाली. मंत्रालयांतील वरिष्ठ अधिकारी कापांचे हुकूम घेईनात आणि मध्यवर्ती बँकेने अधिकृत सहीविना पैसे द्यायला नकार दिला. नव्या राजवटीचा जाहीरनामा टंकित करायला वेळेवर टंकलेखन यंत्रच मिळाले नाही, अशीही एक हकिकत सांगितली जाते. ती थोडी रंगवलेली असेल, पण त्या कारभाराला शोभणारी आहे. १७ मार्चला काप यांनी पद सोडले आणि ते स्वीडनला निघून गेले. दुसऱ्या दिवशी एअरहार्ट यांची पलटण परतत असताना ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी गर्दीने तिची हुर्यो उडवली, तेव्हा सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि १२ माणसे मेली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. संप मागे घेताना लेगीन यांनी काही अटी घातल्या होत्या : बंडखोरांना शिक्षा, बेभरवशाच्या पलटणींचे विसर्जन, नोस्के यांची हकालपट्टी, खाणींचे सामाजिकीकरण (म्हणजे खाजगी मालकी जाऊन सार्वजनिक मालकी). यांतली नोस्के यांना घालवण्याची अट तेवढी लगेच पुरी झाली. चॅन्सलर बाउअर जाऊन हेर्मान म्युलर आले. पण सैन्याची सूत्रे मिळाली ती त्या रात्री तटस्थ राहिलेल्या झेक्ट यांना. दरम्यान पश्चिम जर्मनीतील रूर या कोळसा-पोलादाच्या खोऱ्यातील कामगारांनी बंडाविरुद्ध शस्त्रे उचलून सुमारे ५० हजारांची फौज उभी केली होती. बीलेफेल्ड येथे झालेली तडजोड टिकली नाही आणि एप्रिलच्या आरंभी सरकारने तिथे सैन्य घातले. त्यात लोवेनफेल्ड यांची फ्रायकोर पलटण होती, जी दोन-तीन आठवड्यांपूर्वी ब्रेस्लाउमध्ये कापांच्या बाजूने उभी होती. प्रजासत्ताकासाठी संपावर गेलेल्या कामगारांपुढे बंदुका घेऊन तीच माणसे आली, फक्त हुकूम या वेळी कायदेशीर सरकारचा होता. हजारांहून अधिक कामगार मारले गेले, त्यांतले कित्येक पकडल्यानंतर.

न्यायालयांचा तराजू तर उघडच झुकलेला होता. बंडाच्या पुढाऱ्यांपैकी शिक्षा झाली ती कापांचे गृहमंत्री ठरलेल्या एकट्या यागोव्ह यांना, आणि तीही पाच वर्षांच्या सन्माननीय किल्लाकैदेची, म्हणजे तुरुंगापेक्षा सौम्य अशा स्थानबद्धतेची. ल्युटवित्झ यांना पुढे निवृत्तिवेतन मिळाले. काप १९२२ मध्ये परतले आणि खटला उभा राहण्यापूर्वीच कैदेत वारले.

६ जूनच्या निवडणुकीत एबर्ट, नोस्के आणि म्युलर यांच्या समाजवादी पक्षाची मते सुमारे ३८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांच्या घरात आली. चिडलेले कामगार त्याच्या डावीकडच्या स्वतंत्र समाजवादी पक्षाकडे गेले, ज्याला जवळजवळ १८ टक्के मते मिळाली. उजव्या बाजूला संपाने आणि रूरच्या सशस्त्र कामगारांनी धास्तावलेला मध्यमवर्ग उजव्या पक्षांकडे सरकला. प्रजासत्ताक घडवणाऱ्या तीन पक्षांचे बहुमत गेले आणि वायमार काळात (१९३३ पर्यंत टिकलेल्या या प्रजासत्ताकाच्या काळात) ते पुन्हा कधीच परतले नाही. माझ्या मते यात कोडे फारसे नाही : ज्यांनी वाचवले त्यांना गोळ्या आणि ज्यांनी बुडवायला घेतले त्यांना निवृत्तिवेतन, हा हिशेब मतदाराला तीन महिन्यांत कळला.

प्रश्न : या बंडात हिटलरचा हात होता काय? (तेच वाचक)

उत्तर : नव्हता. तो आपले मार्गदर्शक, लेखक डीट्रिश एकार्ट यांच्यासह विमानाने बर्लिनला निघाला खरा, पण पोहोचेपर्यंत खेळ आटोपला होता. त्याला उपयोग झाला तो बव्हेरियातील, म्हणजे म्युनिक ही राजधानी असलेल्या प्रांतातील, पडसादांचा. तिथे त्याच दिवसांत सैन्याच्या दडपणाखाली समाजवादी होफमान यांचे सरकार गेले आणि १६ मार्चला गुस्टाव्ह फॉन कार मुख्यमंत्री झाले. कारांच्या छत्राखाली म्युनिक हे उजव्या कटवाल्यांचे आश्रयस्थान बनले. एअरहार्ट तिथेच गेले आणि त्यांच्या गुप्त संघटनेच्या माणसांनी १९२१ मध्ये माजी अर्थमंत्री एर्झबेर्गर यांचा, तर १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री राटेनाउ यांचा खून केला. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री हिटलर पिस्तूल घेऊन म्युनिकच्या ज्या बिअरगृहात घुसला, तिथे व्यासपीठावर भाषण करीत होते ते हेच कार.