वांगाचे डाग आणि आठ दिवसांत उजळवणारी ट्यूब

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे असून निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मुलीच्या वेळी गरोदरपणात माझ्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग आले होते. बाळंतपणानंतर ते बरेचसे फिके झाले. गेल्या एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या दिवसांत ते पुन्हा उमटले आणि आता कपाळावर व वरच्या ओठावरही पसरले आहेत. सासूबाईंच्या सांगण्यावरून जायफळ दुधात उगाळून लावले, लिंबाचा रसही लावला. शेवटी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. तिने आठ दिवसांत चेहरा उजळला, पण लावणे थांबवले की डाग पूर्वीपेक्षा काळे दिसतात, उन्हात गाल लाल होऊन जळजळतात आणि हनुवटीवर बारीक लव वाढली आहे. दोन वर्षांपासून संततिनियमनाच्या गोळ्या चालू आहेत. हे डाग कायमचे जातील का?

उत्तर : तुम्ही वर्णन केलेले डाग वांगाचे असावेत. गरोदरपणात सुरुवात होणे, दोन्ही गालांवर सारखे उमटणे आणि उन्हाने गडद होणे ही त्याची नेहमीची चाल आहे. मात्र आज तुमच्या चेहऱ्याला वांगापेक्षा त्या ट्यूबचा त्रास अधिक आहे, असे मला वाटते. आठ दिवसांत उजळणे, थांबवताच उलटणे, उन्हात लाली येणे आणि लव वाढणे ही सारी लक्षणे तीव्र स्टेरॉइडकडे, म्हणजे दाह दाबणाऱ्या जोरकस औषधाकडे, बोट दाखवतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. तरीही ती दुकानातून सहज हाती पडतात, ही खेदाची गोष्ट आहे. स्टेरॉइड सोडल्यावर काही आठवडे लाली आणि आग वाढू शकते. त्या दिवसांत घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावणारे पुष्कळ रुग्ण आम्ही पाहतो, म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडावी. तोवर सौम्य मॉइश्चरायझर लावावे, जायफळ उगाळणे थांबवावे आणि लिंबू चेहऱ्याला मुळीच लावू नये. लिंबाच्या रसातील काही द्रव्ये उन्हात त्वचा भाजतात आणि भाजल्या जागी नवा काळा डाग उठतो.

आता उन्हाविषयी, कारण खरा उपचार तिथेच आहे. खरड छाटणीनंतर मांडवावर पान राहत नाही आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतरही तेच होते. म्हणजे ऊन सर्वांत कडक असते, नेमक्या त्याच काळात बागेत सावली नसते. तुम्ही ओढणी बांधत असाल, तर ती एकदा उजेडाकडे धरून पाहा. पलीकडची बोटे दिसत असतील, तर ऊनही तितक्याच सहज आत येते. घट्ट विणीचा सुती कपडा आणि त्यावर रुंद काठाची टोपी असावी. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे, घामाने लवकर न उतरणारे आणि शक्यतो त्वचेच्या रंगाची छटा असलेले घ्यावे. सावळ्या त्वचेवरचे डाग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि त्याला अडवते ते छटेतील आयर्न ऑक्साइड हे रंगद्रव्य. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहऱ्याला व मानेला मिळून लागतात. बहुतेक जण त्याच्या पावपटच लावतात. दर दोन तासांनी पुन्हा लावा, असे आम्ही सांगतो खरे, पण बागेत हाताला माती असताना ते साधत नाही, हे मलाही कळते. निदान घरून निघण्यापूर्वी आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत तोंड धुऊन लावावे.

त्वचा शांत झाल्यावर औषधांचा विचार करता येईल. हायड्रोक्विनोन हे डाग फिके करणारे मलम रात्री फक्त डागांवर, ठरावीक महिन्यांपुरतेच लावतात. वर्षानुवर्षे लावल्यास त्यानेच निळसर काळेपणा येऊ शकतो. ॲझेलेइक ॲसिडचे मलम हळू काम करते, पण तुमच्यासारख्या चिडलेल्या त्वचेला तेच पुढे अधिक मानवेल, असे मला वाटते. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. लेझरची घाई करू नये, कारण आपल्या वर्णाच्या त्वचेवर त्याने डाग वाढल्याचीही उदाहरणे आहेत.

वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या कुणी सुचवल्या, तर तुमच्या संततिनियमनाच्या गोळ्यांची माहिती आधी द्यावी; दोन्ही एकत्र घेतल्यास रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. संततिनियमनाच्या गोळ्यांतील संप्रेरकेही वांग टिकवून धरतात. म्हणून तांबीसारखा पर्याय चालेल का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे. मनाने गोळ्या बंद करू नयेत.

कायमचे जातील का, या प्रश्नाला मी होकार देणार नाही. डाग पुष्कळ फिके होतात आणि उन्हापासून जपल्यास तसे राहतात, परंतु उन्हाळ्यातली दोन महिन्यांची हयगय त्यांना परत आणू शकते.

तपासणीला जाताना ती ट्यूब, संपली असली तरी, सोबत न्यावी आणि गोळ्यांचे पाकीटही. ट्यूबवर बारीक अक्षरांत छापलेली औषधांची नावे वाचली की डॉक्टरांचा निम्मा तर्क वाचतो.