पडक्या मध्ययुगीन मठाचा जीर्णोद्धार कोठून सुरू करावा?

इंग्लंडमधील आपल्या गावाबाहेरचा पडका मध्ययुगीन मठ दुरुस्त करून तो गावकऱ्यांचे वारसास्थळ करायचा आहे, तर सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. त्या छपराखाली रोज कोण वावरणार हे आधी ठरवावे आणि छपराचा विचार मग करावा, असे मी मनापासून सांगेन. स्कॉटलंडच्या आयोना बेटावरील मठात आठवडाभर राहिल्यावर माझे हे मत पक्के झाले.

तो दगडी मठ 1200 च्या सुमारास बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी बांधला. 1560 च्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे स्कॉटलंडने पोपची सत्ता नाकारल्यावर, तेथील साधुजीवन संपले आणि वास्तू ढासळत गेली. 1899 मध्ये आर्गाइलच्या ड्यूकांनी हे अवशेष एका विश्वस्त मंडळाकडे सोपविले व 1910 पर्यंत चर्च पुन्हा उभे राहिले. पण साधूंच्या राहण्याजेवणाच्या इमारती तशाच उघड्या पडून होत्या. 1938 मध्ये ग्लासगोच्या गोव्हन भागातील धर्मगुरू जॉर्ज मॅक्लाउड बेकार कारागिरांना आणि धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या तरुणांना घेऊन तेथे आले. पाथरवट आणि सुतार हे उस्ताद, तर शिकलेली मुले त्यांच्या हाताखाली. महायुद्धात लाकूड मिळेना, तेव्हा जहाजावरून समुद्रात टाकलेले कॅनडाचे लाकूड शेजारच्या बेटाच्या किनाऱ्याला लागले आणि तेच छपराला आले. काम 1965 पर्यंत चालले.

मधल्या चौकाला चारी बाजूंनी आपल्या वाड्यासारखी पडवी आहे. तिचे जुने जोडखांब बहुतेक नष्ट झाले होते. वाचलेले मोजके झिजलेल्या अवस्थेतच राखले आहेत आणि नव्या खांबांच्या माथ्यावर पाने, फुले, पक्षी नव्याने कोरले आहेत. जुने कोणते आणि नवे कोणते, हे शाळकरी मुलालाही ओळखता येते. जीर्णोद्धारातला हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

मुक्कामी पाहुण्यांना तेथे कामे वाटून दिली जातात. माझ्या वाट्याला न्याहारीनंतरची भांडी आली होती, आणि ताटल्या पुसता पुसता ज्या गप्पा झाल्या त्यांतून मला तो मठ जेवढा कळला, तेवढा माहितीफलकांवरून कळला नसता.

आपला मठ संरक्षित स्मारक असल्यास शासनाच्या लेखी संमतीशिवाय तेथील दगडही हलवू नये. संमतीला वेळ लागतोच. तेवढ्यात पंचक्रोशीत चुन्याचे काम जाणणारे गवंडी कोण आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कोण तयार आहे, याची विचारपूस करून ठेवावी.