सव्वीस जानेवारीची जिलेबी

प्रिय सोनू,

काल गाडीत तू विचारलंस, "बाबा, सव्वीस जानेवारीला सगळे बार्बेक्यू करतात, मग आपण जिलेबी का खातो?" तेवढ्यात सिग्नल सुटला आणि उत्तर राहूनच गेलं.

बार्बेक्यू इथल्या सव्वीस जानेवारीचं, म्हणजे 'ऑस्ट्रेलिया डे'चं; जिलेबी आपल्या, भारतातल्या सव्वीस जानेवारीची. १९३० साली त्या दिवशी लोकांनी गावोगावी पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली. त्या तारखेचा मान राखायचा म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली राज्यघटना दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० ला लागू केली. आमच्या शाळेत भाषणात हे दरवर्षी सांगत आणि मी दरवर्षी बुटांकडे बघत बसे. आदल्या रात्री कॅनव्हासच्या बुटांना ओला खडू फासायचा; दवाने भिजलेल्या मैदानावर दहा पावलांत तो उतरायचा. गुरुजी झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या ठेवत. दोरी ओढली की त्या सरपंचांच्या टोपीवर. घरी येताना चौकात हलवायाची कढई मांडलेली असे, पाव किलो जिलेबी वर्तमानपत्रात बांधून मिळायची. जिलेबीच का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तू विचारलंस, बरं केलंस.

इथली सव्वीस जानेवारी १७८८ ची. त्या दिवशी ब्रिटिश जहाजांच्या ताफ्याचा प्रमुख आर्थर फिलिप याने सिडनीत ब्रिटिश झेंडा रोवला. म्हणजे बघ, आपल्याकडे इंग्रजांना घालवायचं ठरलं ती तारीख, आणि इथे इंग्रज आले तीच!

फुटस्क्रे स्टेशनवरचा पूल आपण ओलांडतो ना, त्याला विल्यम कूपर यांचं नाव आहे. ते इथल्या मूळच्या लोकांचे पुढारी. १९३८ मध्ये सिडनीत दीडशे वर्षांचा सोहळा चालला होता, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शोकदिन पाळला. आपल्या मेलबर्नमध्ये आजही त्या दिवशी मोर्चा निघतो. म्हणून 'हॅपी ऑस्ट्रेलिया डे' मी आपणहून म्हणत नाही. कुणी म्हटलं तर हसून 'तुम्हालाही' म्हणतो. तू काय म्हणायचं ते तुझं तू ठरव.

मला इथलं नागरिकत्व मिळालं तेही सव्वीस जानेवारीलाच. कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ झाली, हातात एक रोपटं दिलं. अंगणातला बॉटलब्रश तोच. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे एक घेतलं तसं दुसरं गेलं. संध्याकाळी आजीचा फोन: "झेंडावंदन झालं का रे?" मी म्हटलं, झालं. कुठल्या झेंड्याचं, ते तिने विचारलं नाही.

यंदा सॉसेज खायला शेजारच्यांनी बोलावलंय, खुशाल जा. पण सकाळी आधी माझ्याबरोबर चल. जिलेबीचा पहिला घाणा लवकर संपतो.

तुझा
बाबा