बचतीचा तिसरा हिस्सा छोट्या कर्जांसाठी देऊ का?

प्रश्न: मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ओळखीची एक संस्था कमी उत्पन्नाच्या बायकांचे गट करून त्यांना छोटी कर्जं देते. माझ्या बचतीचा तिसरा हिस्सा मी ३ वर्षांसाठी ४ टक्क्यांनी त्यांना द्यावा, असं ते म्हणतात. वसुली ९८ टक्के आहे म्हणे. देऊ का?

उत्तर: ताई, जरूर द्या, पण तिसरा हिस्सा नको. हा पैसा तुमच्या दुखण्याखुपण्याचा आहे आणि इथे तो मध्येच परत मागता येणार नाही. कर्जदार हजार असले तरी तुमचं येणं एकाच संस्थेकडून आहे. ती अडचणीत आली तर सगळंच अडकतं. लोकांकडून पैसे घ्यायची परवानगी तिला आहे का, तो कागद आधी बघा.

आता त्या ९८ टक्क्यांबद्दल. नवी कर्जं भराभर वाटली की थकबाकीचा टक्का आपोआप लहान दिसतो, कारण ती कर्जं थकायला अजून वेळच मिळालेला नसतो. नव्या कर्जातून जुनं फेडून घेतलं, तरी कागदावर वसुली पूर्ण. म्हणून विचारा, ३० दिवसांहून जास्त थकलेल्या कर्जांची बाकी एकूण बाकीच्या किती टक्के आहे, आणि मुदत वाढवून दिलेली कर्जं किती?

एका गटाच्या बैठकीला मी बसलो होतो. एकीला हप्त्याला पैसे कमी पडले. बाकीच्या चौघींनी आपापल्या पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढून भर घातली. वहीत ‘पूर्ण वसूल’ लिहिलं गेलं. ती मात्र शेवटपर्यंत मान वर करून बसली नाही. तो हप्ता कोणाच्या पोटाला चिमटा काढून आला, हे टक्केवारीत दिसत नाही.

कर्जदाराला काय व्याज पडतं, हेही बघाच. १२,००० चं कर्ज, ‘फक्त १२ टक्के’, १२ समान हप्ते. व्याज १,४४०, हप्ता १,१२०. पण सहा महिन्यांत निम्मं मुद्दल फिटलेलं असताना व्याज पूर्ण १२,००० वरच लागत राहतं. घटत्या शिलकीवर मांडलं तर हा दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो. छोट्या कर्जाच्या वसुलीचा खर्च खरंच जास्त असतो, त्यामुळे दर चढा असणं समजू शकतं. तो लपवणं मला मान्य नाही.

अपेक्षाही बेताची ठेवा. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले सहा अभ्यास २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. अशा कर्जांनी धंद्याला थोडा हात दिला, पण सरासरी घरांचं उत्पन्न फारसं पालटलं नाही, असं त्यांतून दिसलं. तरीही अडीनडीला सावकाराच्या दारात जावं लागू नये, हे मला मोलाचं वाटतं. गरिबांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक उभी करणारे मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावातल्या ४२ जणांना स्वतःच्या खिशातून मिळून २७ डॉलर दिले होते. ते पैसे परत आले नसते, तरी युनूस यांचं घर चाललं असतं.

तुमची रक्कमही तशीच हवी. वर्षाचा घरखर्च आणि औषधपाण्याचा पैसा बाजूला काढा. उरलेल्यातून बचतीच्या ३ ते ५ टक्के द्या, त्याहून जास्त नाही. पहिल्या वर्षी त्यातलेही निम्मेच. आणि देण्याआधी एकदा हप्त्याच्या दिवशी त्यांच्या गटाच्या बैठकीला जाऊन बसा.